प्रशिक्षक बदलून संघ बदलतो का?

ऑक्टोबर २०१८ मध्ये एफसी पुणे सिटीने मिगेल आंखेल पोर्तुगाल या स्पॅनिश प्रशिक्षकाला तीन सामन्यांतच निरोप दिला. दिल्लीत १-१ बरोबरी, मुंबईत ०-२ पराभव आणि मग घरच्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या मैदानावर बेंगळुरूकडून ०-३. तीन सामन्यांत एक गुण. काही महिन्यांपूर्वी हाच क्लब इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत खेळला होता, त्यामुळे समर्थक खवळलेले होते आणि त्यांचा राग खराही होता. पण कोच हटवा म्हणणाऱ्यांनाही एवढ्या लवकर तो हटेल असं वाटलं नसावं.

त्या वेळी जी चर्चा झाली, ती जगात जिथे जिथे फुटबॉल आहे तिथे होते. एक बाजू म्हणते, संघ पाहा, खेळाडू तेच आहेत, गेल्या वर्षी चौथे आलो होतो, मग बिघडलं काय? कोचच. दुसरी बाजू म्हणते, माणसाला खेळाडूंची नावं पाठ व्हायच्या आत काढताय, आता येणाऱ्याने काय जादू करायची? तिसरा गट असतो, तो कायम कमी बोलतो आणि त्याचाच प्रश्न सर्वांत अवघड असतो : याला काढलं, बरं. आणणार कोणाला? आणि आणणार कोण?

या वादात मी पुण्याशेजारच्या मुळशी तालुक्यालाही धरतो. त्याचा या सगळ्याशी संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध जमिनीचाच आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभं राहिलेलं शिवछत्रपती क्रीडासंकुल म्हाळुंगे आणि बालेवाडीच्या शिवेवर आहे आणि म्हाळुंगे हे मुळशीतलं गाव. पलीकडे हिंजवडी, अलीकडे सूस आणि बावधन, पुढे पिरंगुट, पौड. हिंजवडीच्या आयटी पार्कने केरळ, बंगाल, मणिपूर, गोव्याची फुटबॉल रक्तात असलेली पोरं इथे आणली आणि त्यांच्या जोडीने इथली मराठी पोरंही एफसी पुणे सिटीची नारिंगी जर्सी घालून स्टँडमध्ये बसू लागली. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असल्यामुळे प्रेक्षक आणि खेळ यांच्यात बरंच अंतर राहतं. घोषणा मैदानात पोचता पोचता विरून जाते. तरीही ती पोरं नव्वद मिनिटं ढोल वाजवत बसायची.

या तालुक्याची जुनी ओळख कुस्तीची. तालमीत पैलवान हरला म्हणून वस्ताद बदलत नाहीत. पैलवानाचा खुराक, मेहनत, जोड कोणाशी लावली हे आधी पाहतात, वस्तादाकडे बोट सगळ्यात शेवटी जातं. फुटबॉलमध्ये क्रम नेमका उलटा आहे. पहिलं बोट प्रशिक्षकाकडे, बाकीच्यांची पाळी बहुधा येतच नाही.

पुण्याच्या क्लबाचा पाच हंगामांचा हिशेब मांडला की हे स्पष्ट दिसतं. २०१४ मध्ये इटलीचे फ्रँको कोलोम्बा, संघ सहावा. २०१५ मध्ये इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट, संघ सातवा. २०१६ मध्ये आंतोनियो हबास, कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलेला माणूस, तरी संघ सहावाच. २०१७-१८ मध्ये सर्बियाचे रांको पोपोविच आले आणि मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो या जोडीच्या बळावर संघ चौथा आला. उपांत्य फेरीत बालेवाडीला बेंगळुरूशी ०-० आणि परतीच्या सामन्यात १-३, बेंगळुरूच्या सुनील छेत्रीची हॅटट्रिक. पुण्याच्या क्लबाचा तो सर्वांत चांगला हंगाम. तो संपल्यावर काही महिन्यांत पोपोविच आणि क्लब वेगळे झाले. मग पोर्तुगाल, त्यांच्यानंतर हंगामी म्हणून प्रद्युम रेड्डी, आणि डिसेंबरात फिल ब्राउन. संघ सातवा. पाच हंगाम, सात माणसं, आणि एक चौथा क्रमांक सोडला तर सहावा-सातवा, सहावा-सातवा.

यातल्या पहिल्या तीन वर्षांबद्दल समर्थकांनी प्रशिक्षकांना जे बोल लावले ते मला अन्यायाचे वाटतात. २०१४ ते २०१६ या काळात आयएसएलची साखळी फेरी १४ सामन्यांची होती. ऑक्टोबरात सुरू आणि डिसेंबरात सगळं संपलेलं. दरवर्षी निम्म्याहून अधिक संघ नवा, परदेशी खेळाडू करिअरच्या उतरणीला लागलेले. डेव्हिड त्रेझेगे, आद्रियान मुतू, मोहम्मद सिसोको ही नावं मोठी होती, पण त्यांचे सर्वोत्तम दिवस युरोपात संपून गेले होते. हे खेळाडू प्रशिक्षकाने मागितले होते की जाहिरातीसाठी आणले होते, हे स्टँडमधल्या माणसाला कधीच कळलं नाही. दहा-अकरा आठवड्यांत कोणाचीही परीक्षा होत नाही. झाली तर ती नशिबाची होते.

पोर्तुगाल यांना काढल्यावर तरी काय झालं? लगेच काही नाही. पुढच्याच सामन्यात गोव्याने चार गोल चढवले आणि पहिल्या विजयासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं. हंगामाच्या उत्तरार्धात खेळ सुधारला, हे ब्राउन यांच्या बाजूने मान्य करायला हवं. पण तोवर गाडी चुकली होती.

आता मुंबईकडे वळू, कारण या प्रश्नावरचा माझ्या मते सर्वांत बोलका दाखला तिथला आहे आणि तो मराठी वाचकांनाही फारसा ठाऊक नाही. मुंबई एफसी हा आय-लीगमधला, म्हणजे आयएसएलच्या आधीपासूनच्या राष्ट्रीय लीगमधला, छोट्या ऐपतीचा क्लब. २००९ पासून सात वर्षं खालिद जमील त्याचे प्रशिक्षक होते. स्वतः मुंबईत खेळलेले, मितभाषी, बचावावर भर देणारे. बहुतेक वर्षी हा संघ गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात असायचा आणि दरवर्षी वाचायचा. समर्थकांची आणि जाणकारांची तक्रारही दरवर्षी तीच : किती रटाळ खेळ, किती दिवस नुसतं जिवंत राहायचं, महत्त्वाकांक्षा म्हणून काही आहे की नाही? तक्रार खोटी नव्हती. २०१६ मध्ये क्लब आणि जमील यांची फारकत झाली.

पुढच्या हंगामात, २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसीने संतोष कश्यप यांना आणलं, मधेच त्यांनाही बदलून ऑस्कर ब्रुझोन यांना आणलं आणि संघ शेवटचा येऊन लीगमधून बाहेर पडला. त्याच हंगामात जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या वर्षी खाली घसरला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत जागा मिळाली होती. जमील यांनी मुंबईतले जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांच्यासारखे खेळाडू सोबत नेले, आणि ऐझॉल भारताचा विजेता झाला. ईशान्य भारतातल्या क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

याचा अर्थ जमील जादूगार आहेत असा काढायचा नाही. मुंबईत संघ बहुतेक वर्षी खालीच राहायचा, ते त्यांचं अपयश नव्हतं, क्लबाच्या ऐपतीची ती मर्यादा होती आणि ते तिच्या थोडं वरच खेळवत होते. तो माणूस निघून गेल्यावर क्लबाची खरी जागा कोणती ते उघडं पडलं. समर्थक गुणतक्ता पाहतो. पण या पैशात, या खेळाडूंत किती गुण यायला हवे होते, हा आकडा गुणतक्त्यात छापलेला नसतो.

जमील यांचीच आणखी एक गोष्ट, आणि ती उलट्या बाजूने बोलते. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नूस यांना हंगामाच्या मध्यावर काढलं आणि सहायक असलेल्या जमील यांच्या हाती संघ दिला. त्यानंतर साखळीत संघ हरलाच नाही, थेट बाद फेरीत पोचला. समर्थक खूश, बदल हवाच होता हे सिद्ध झालं असं सगळे म्हणाले. पुढच्या हंगामात तेच जमील पूर्णवेळ प्रशिक्षक होते आणि संघ अकरात दहावा आला. माणूस तोच, क्लब तोच. म्हणजे आदल्या वर्षीची उसळी बदलामुळे होती, माणसामुळे होती, की वाईट काळ ओसरण्याची वेळच आली होती?

या शेवटच्या शक्यतेवर अभ्यास झालेला आहे. बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या पहिल्या विभागातले १९८६ ते २००४ या काळातले प्रशिक्षक-बदल तपासले. त्यांनी केलेली हुशारीची गोष्ट अशी की, ज्या क्लबांनी पडत्या काळात प्रशिक्षक काढला, त्यांच्या शेजारी तशीच घसरण होऊनही न काढणारे क्लब ठेवून पाहिले. दोन्हीकडे कामगिरी जवळपास सारखीच सावरली. पडत्या काळानंतर संघ बहुधा आपल्या नेहमीच्या पातळीवर परततो, आणि त्याचं श्रेय त्या वेळी खुर्चीत बसलेल्या माणसाला मिळतं. सायमन कूपर आणि स्टेफान झिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांचा हिशेब मांडून दाखवलं की दीर्घ मुदतीत क्रमांक ठरतो तो मुख्यतः खेळाडूंच्या पगारावर क्लब किती खर्च करतो यावर.

हे निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लावणं मात्र मला पटत नाही. आयएसएलमध्ये संघबांधणीच्या खर्चाला वरची मर्यादा घातली गेली, त्यामुळे श्रीमंत आणि गरीब क्लबांतलं अंतर इंग्लंडइतकं राहिलं नाही. अंतर कमी असलं की प्रशिक्षकाच्या डोक्याला, परदेशी खेळाडू पारखून आणणाऱ्याच्या नजरेला जास्त किंमत येते. म्हणून आपल्याकडे प्रशिक्षक महत्त्वाचा नाही असं कोणी म्हणू नये. तो फारच महत्त्वाचा आहे, आणि म्हणूनच त्याची निवड आणि गच्छंती घाईत होता कामा नये.

गोव्याने दोन्ही टोकं पाहिली आहेत. आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लब २००० पासून २०१३ पर्यंत सांभाळला आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. एका माणसाच्या हाती तेरा वर्षं. त्यातली सगळी वर्षं काही सोन्याची नव्हती, पण प्रत्येक वाईट वर्षानंतर हिशेब मागायला तोच माणूस समोर होता आणि दुरुस्ती करायलाही तोच. ते गेल्यावर दुसऱ्याच हंगामात, २०१४-१५ मध्ये, धेंपोची घसरगुंडी झाली. यात पुण्याचा एक धागा आहे. त्या हंगामात सर्वांत शेवटी आला होता तो कल्याणी समूहाचा भारत एफसी, बालेवाडीलाच खेळणारा नवा क्लब. त्याला थेट प्रवेश दिलेला असल्याने घसरणीपासून संरक्षण होतं, म्हणून त्याच्या वरचा धेंपो खाली गेला. आणि ज्याला वाचवलं तो भारत एफसी एका हंगामात बंद पडला.

दुसरं टोक एफसी गोवाचं. जानेवारी २०२० अखेरीस सर्जिओ लोबेरा यांना काढलं तेव्हा संघ गुणतक्त्यात वर होता, देखणा खेळत होता, समर्थक त्यांच्यावर जीव टाकत होते. साखळीचे मोजके सामने उरले होते. सूत्रं गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली, उरलेले सगळे साखळी सामने जिंकले, जमशेदपूरला ५-० हरवून साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची लीग शिल्ड घेतली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जागा मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. म्हणजे काढणारे बरोबर होते? पण लोबेरा तिथून मुंबई सिटीकडे गेले आणि पहिल्याच हंगामात शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकून दाखवले. मिरांडांच्या हाती आलेली यंत्रणा लोबेरांनी अडीच वर्षं घडवलेली होती, आणि मिरांडांनी ती बिघडू दिली नाही. दोघांचंही श्रेय खरं आहे.

युरोपातली उदाहरणं आपल्या पोरांना तोंडपाठ असतात, कारण शनिवार-रविवारी तेच सामने पाहिले जातात. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले, तीन वर्षांनी त्यांनी जावं म्हणून स्टँडमध्ये फलक झळकला आणि पुढे त्यांनी १३ प्रीमियर लीग विजेतेपदं जिंकली. 'वेळ द्या' म्हणणाऱ्यांचा हा हुकमी पत्ता. पण तोच क्लब २०१३ नंतर मॉयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, आमोरिम अशी माणसं बदलत राहिला आणि २०२४-२५ मध्ये पंधरावा आला. इतकी माणसं चुकीची असू शकत नाहीत, निवडणारं टेबल तपासा, असा त्याचा अर्थ मी घेतो. 'काढा' म्हणणाऱ्यांच्या हातीही पत्ता आहे : २०१२ मध्ये चेल्सीने मार्चमध्ये व्हिलास-बोआस यांना काढलं आणि मे महिन्यात दी मात्तेओ यांनी चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. टॉटनहॅमने तर २०२५ मध्ये अँज पोस्टेकोग्लू यांना युरोपा लीग जिंकल्यावर १६ दिवसांत काढलं, कारण लीगमध्ये संघ सतरावा होता. अशी उदाहरणं एकमेकांवर फेकून वाद मिटत नाही. ज्याला जे हवं ते सापडतं.

मग समर्थकाने कशावर ठरवावं? माझं मत असं की निकालांपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. खेळाडू सुधारतायत का, म्हणजे विशीतला मुलगा गेल्या वर्षीपेक्षा यंदा बरा खेळतो का. गोल खाल्ल्यावर संघ काय करतो, सावरतो की माना टाकतो. आणि पराभवानंतर प्रशिक्षक काय बोलतो. पंच, मैदान, नशीब आणि आपलेच खेळाडू यांच्यावर सतत ढकलणारा माणूस ड्रेसिंग रूम फार दिवस सांभाळू शकत नाही. या तिन्हींत उत्तर वाईट असेल, तर हंगामाच्या मध्यावरही बदल करावा. नसेल, तर तीन सामने काय, दहा पराभवही पचवावेत.

पण हे सगळं मत व्यक्त करायचं कोणापुढे? इथे कोल्हापूरची आठवण ठेवायला हवी. तिथे क्लब हा तालीम मंडळाचा आणि पेठेचा असतो. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर हरलेल्या संघाचा प्रशिक्षक संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जातो आणि कट्ट्यावरचे लोक त्याला थांबवून विचारतात, डावीकडून पोरगा का काढलास? तो बहुधा त्याच मंडळाचा जुना खेळाडू असतो, उत्तर दिल्याशिवाय त्याची सुटका नसते. याची काळी बाजूही आहे, हुल्लडबाजीने तिथले सामने बंद पडले आहेत. तरीही विचारणारा आणि उत्तर देणारा एकमेकांना ओळखतात, ही फार मोठी गोष्ट आहे. जर्मनीत हाच हक्क नियमात बसवला आहे : काही अपवाद वगळता क्लबातली बहुमताची मतं सदस्यांच्या संस्थेकडेच असावी लागतात.

पुण्यात आणि मुळशीत असं काही नव्हतं. पुणे एफसी अशोक पिरामल समूहाचा. २०१२-१३ मध्ये डेरिक परेरा यांच्या हाताखाली आय-लीगमध्ये दुसरा आलेला, चांगली अकादमी चालवणारा क्लब, २०१५ मध्ये बंद. भारत एफसी बंद. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळून बाहेर. एफसी पुणे सिटी वाधवान समूहाचा. मालकांचा पैशाचा डोलारा कोसळला, खेळाडूंचे पगार थकले आणि २०१९ मध्ये क्लब संपला. ज्या दिवसांत समर्थक पोर्तुगाल की रेड्डी की ब्राउन यावर भांडत होते, त्याच दिवसांत खरं संकट मालकाच्या हिशेबवहीत वाढत होतं. त्याबद्दल त्यांना कोणी सांगितलं नाही आणि विचारायची सोयही नव्हती.

लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. ब्राउनही गेले, काही महिन्यांत त्यांना काढण्यात आलं आणि संघ तळाशी आला. मग मानोलो मार्केझ आले, त्यांना तरुण भारतीय खेळाडू आणि वेळ दोन्ही मिळालं, आणि २०२२ मध्ये हैदराबाद आयएसएलचं विजेतं झालं. पुण्यातून उचललेल्या रोपाला तिकडे फळ आलं म्हणून हळहळणाऱ्यांनी पुढचंही पाहावं. तिथेही पगार थकले, खेळाडू पांगले आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला. विजेता प्रशिक्षकसुद्धा थकलेल्या पगारापुढे टिकत नाही.

२०२५ च्या अखेरीस हाच वाद राष्ट्रीय संघाभोवती पेटला होता. जून २०२४ मध्ये इगोर श्टिमाच गेले, मार्केझ आले, वर्षभरात तेही गेले, ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून तिसरा क्रमांक मिळवला तेव्हा वाहवा झाली. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ हरून आशियाई चषकाची दारं बंद झाली, नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१, आणि लगेच 'काढा' सुरू झालं. त्याच वर्षी आयएसएलचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नव्हता. लीगच्या हक्कांचा करार अडकला होता, क्लबांनी सराव थांबवले होते, काहींनी पगार रोखले होते. सामनेच न खेळलेले खेळाडू प्रशिक्षकाने कुठून तयार करायचे? जमील यांच्या संघनिवडीवर, अतिसावध खेळावर जरूर बोला. पण दोन वर्षांत चौथा माणूस आणून काय मिळेल, ते मागच्या तिघांनी दाखवलं आहे.

पुण्यात आणि मुळशीत पुन्हा कधी मोठा क्लब येईल तेव्हा इथल्या समर्थकांना माझं सांगणं आहे. पहिल्या दिवशी, जर्सी घ्यायच्या आधी, मालकाकडे लेखी मागणी करा : खेळाडू कोण निवडतं ते जाहीर करा, पगार वेळेवर होतायत का ते दर हंगामाला सांगा, आणि समर्थकांचा एक निवडून आलेला प्रतिनिधी संचालकांच्या बैठकीत बसू द्या. हे मिळालं, तर प्रशिक्षक ठेवायचा की काढायचा यावर खुशाल रात्रभर भांडा.